मोठ्या बाईंची दुरुस्ती

मोठ्या बाईंचे हात सारखे शिवशिवायचे. भिंतीवरचं चित्र जरा तिरपं दिसलं, कोणाच्या सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात गेलेलं दिसलं, निळ्या ठोकळ्यांच्या डब्यात एखादा लाल ठोकळा दिसला, की त्यांना पुढचं काही ऐकू यायचं नाही. आधी ते नीट करायचं, मग बाकी जगाचं काय ते बघायचं. लहान मुलांच्या शाळेत हा गुणच समजतात. एकतीस वर्षं तो समजला गेलाही.

त्यांचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासायचे, आता निवृत्त होऊन घरी होते. ते म्हणायचे, "मीही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण पगार घेऊन. तू फुकट काढतेस." बाई त्यांच्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत. बोलताना त्यांचा शर्ट खांद्यावर सरकलेला असायचा, तो तेवढा ओढून सरळ करायच्या.

बालवाडी म्हणजे एका वसाहतीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत चपलांची फळी, इतकी खाली की मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागे. मधली मोठी, तिथे सतरंजी आणि बसके पाट. मागची लहान, तिला दोन बुटकी बेसिनं, आणि त्यांच्यासमोर आरसाही गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे मोठ्यांना त्यात आपली फक्त साडी दिसायची. कपाट, टेबल आणि खुर्ची मांडून मधल्या खोलीचा एक कोपरा बाईंनी ऑफिस म्हणून राखला होता. या तीन खोल्यांतून त्यांच्या हिशेबाने हजारभर मुलं पुढे गेली होती. त्यांतली दोन तर आता आपलीच पोरं तिथे सोडायला यायची आणि दारातून आत येताना अजून चपला काढून फळीवर जोडीने ठेवायची.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष आले. भला माणूस, पण गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. पाटावर अवघडून बसत ते म्हणाले, "बाई, स्पष्ट सांगतो. तुमच्यामागे कोणी जीव लावून चालवणारं असलं तर बालवाडी राहील. नुसती पाट्या टाकणारी बाई आणून बसवायची असेल तर त्यापेक्षा कुलूप लावलेलं बरं. माणूस तुम्हीच शोधा. तुम्हाला कळतं."

बाईंनी माणूस शोधला. म्हणजे खरं तर तो आपणहूनच दारात आला. चोविसेक वर्षांची मुलगी, नुकताच बालशिक्षणाचा अभ्यासक्रम संपवलेली, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रिकाम्या काडेपेट्या आणि बाटल्यांची झाकणं. मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव छोट्या बाई करून टाकलं, आणि तेच राहिलं.

तिची परीक्षा झाली ती आठवड्याभरात. तिने मागच्या खोलीत मोठा टब पाण्याने भरून ठेवला आणि मुलांना विचारलं, काय बुडतं, काय तरंगतं? खडू बुडला. झाकण तरंगलं. मग एका शहाण्याने आपला बूट आणून टाकला. तो आधी तरंगला, मग सावकाश बुडाला, आणि ते बघून मुलांना असा काही आनंद झाला की बघता बघता चपलांची फळी रिकामी झाली. आरडाओरडा ऐकून मोठ्या बाई रागावायला म्हणून धावत आल्या. दारात थबकल्या. टबात अठराजणांचे बूट आणि सँडल, आणि छोट्या बाई ओल्या फरशीवर बसकण मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतेय. हसता हसता तिने आपल्या पायातली चप्पल काढली, मुलांना विचारलं, "ही काय करेल?" आणि टाकली.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. आपणही एके काळी फरशीवर अशा बसायचो, हे त्या पार विसरून गेल्या होत्या. कधी उठलो आणि परत बसलोच नाही, ते त्यांना आठवेना. बारा वाजता मुलांना न्यायला आया आल्या आणि ओले बूट बघून कपाळाला आठ्या घालू लागल्या, तेव्हा मोठ्या बाई स्वतः पुढे झाल्या. "आज विज्ञान होतं," त्या ठणकावून म्हणाल्या. "बूट उन्हात ठेवलेत. वाळतील." कोणाची काय बिशाद पुढे बोलायची.

घरी जाऊन त्या यजमानांना म्हणाल्या, "सापडली हो मुलगी." त्या रात्रभर नीट झोपल्या. बऱ्याच दिवसांनी.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी टबावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. सुबक अक्षरात लिहिलं होतं : पाण्याचा खेळ, फक्त बुधवारी, बूट वगळून. छोट्या बाईंनी ती वाचली आणि हसून म्हटलं, "बरं, बुधवारी."

तर अशी सुरुवात झाली. इथे मोठ्या बाईंना दुष्ट ठरवणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. त्यांनी त्या मुलीवर पोटच्या पोरीसारखी माया केली. ती आजारी पडली तेव्हा औषध घेऊन तिच्या घरी गेल्या. संस्थेच्या सभेत तिचं इतकं कौतुक केलं की अध्यक्ष म्हणाले, पुरे आता, पटलं. फक्त मुलं गेली, दोन वाजता छोट्या बाईही घरी गेली, की त्या एकट्याच चारपर्यंत थांबायच्या आणि तिचं काम नीट करून ठेवायच्या.

छोट्या बाईंची एक पद्धत होती. मुलांनी कागद फाडून, चिकटवून जे काय केलं असेल ते तसंच भिंतीवर लावायचं, आणि खाली मूल त्याबद्दल जे बोललं ते शब्दन् शब्द लिहायचं. एका मुलीने निळ्या कागदाचा मासा केला होता. खाली लिहिलेलं : "हा झोपलाय म्हणून याला डोळे नाहीत." दुपारी तीन वाजता रिकाम्या खोलीत मोठ्या बाई त्या माशापुढे उभ्या राहिल्या. मासा शेपटीकडून वर चाललेला, त्यातून बिनडोळ्यांचा. उद्या एखादी आई बघेल आणि म्हणेल, हे काय शिकवतात इथे? त्यांनी मासा अलगद सोडवला, आडवा लावला आणि काळ्या पेनाने त्याला दोन गोल टपोरे डोळे काढले. खालची चिठ्ठी आता जुळत नव्हती, म्हणून ती काढून टाकली.

सकाळी ती मुलगी भिंतीपुढे उभी राहिली. "बाई, माझा मासा उठला."

छोट्या बाई तिच्याजवळ उकिडवी बसून म्हणाली, "उठला गं. उशीर झाला होता ना त्याला." मुलीचं समाधान झालं. छोट्या बाईंनी वळून मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंना ते पाहणं कळलं नाही, असं त्या पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिल्या.

माशानंतर बाकीचं ओघाने आलं. चित्रांच्या ओळी दोरी धरून सरळ झाल्या. आठवड्याच्या आखणीची वही छोट्या बाई लिहायची आणि मोठ्या बाई तपासायच्या. लाल शाई मनाला बोचते म्हणून त्या मुद्दाम हिरवी वापरायच्या. "पावसाचे आवाज ऐकणे" याच्यापुढे हिरव्या शाईत : वेळ किती? "मुलांना वाटेल ते" याच्यापुढे : नेमकं काय? बाहुल्यांच्या दवाखान्याच्या जागी पुन्हा अंकांचे तक्ते आले. काही काढून टाकलं असं नव्हतंच म्हणा. फक्त जरा सरकवलं, जरा आवरलं, जरा सरळ केलं.

सुरुवातीला छोट्या बाई सकाळी येऊन गुपचूप पुन्हा आपल्यासारखं करून ठेवायची. मग नुसतं बघायची. मग बघायचीही बंद झाली. आणि एके दिवशी कात्री हातात धरून तिने विचारलं, "बाई, हे कसं हवंय तुम्हाला?"

मोठ्या बाईंना धन्य वाटलं. पोरगी तयार होतेय, त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांनी तिला शेजारी बसवून दाखवलं, मासे आधीच एका मापाचे कापून ठेवायचे, डोळे काढून ठेवायचे, मुलांनी फक्त चिकटवायचे. पुढच्या आठवड्यात भिंतीवर अठरा मासे एका रांगेत, एकाच दिशेला पोहत होते. त्याच दिवशी बाईंनी कपाटाची दुसरी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "घडी बसली बरं का तुझी," त्या म्हणाल्या. छोट्या बाई "हो बाई" म्हणाली आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. रिकाम्या काडेपेट्यांची पिशवी ती केव्हापासून आणेनाशी झाली होती, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. एवढ्यातेवढ्यावर डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या बाईंना हे दिसलं नाही.

शिक्षण कार्यालयातून दर वर्षी एक फॉर्म यायचा. बालवाडीच्या शिक्षिकांना कामात आनंद मिळतो का, रोज यावंसं वाटतं का, याची चौकशी. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच असे चौकोन, पाच म्हणजे भरपूर आणि एक म्हणजे मुळीच नाही. प्रत्येकीने आपापला भरायचा, मुख्य बाईंनी गोळा करून सही करून पाठवायचा, आणि एक झेरॉक्स फाइलला लावायची. वर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की तीनच्या खाली खूण असल्यास कार्यालयातून कोणीतरी येऊन त्या शिक्षिकेशी बोलेल.

पहिल्या वर्षी छोट्या बाईंनी सगळीकडे पाचवर खूण केली होती, आणि एका ठिकाणी पाचच्या बाहेर स्वतःच सहाचा चौकोन काढला होता. मोठ्या बाईंनी तेव्हा तो चौकोन व्हाइटनरने पुसला होता. फॉर्मवर असं काढायचं नसतं.

दुसऱ्या वर्षीचा फॉर्म तिने घडी घालून टेबलावर ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून ती लगेच गेली. बाईंनी तो उघडला. सगळीकडे दोन. "कामात आनंद मिळतो का?" दोन. "आपल्या कल्पना वापरायला वाव मिळतो का?" दोन. "पुढच्या वर्षीही हे काम करावंसं वाटतं का?" दोन. खाली सूचनांसाठी चार ओळी होत्या, त्या कोऱ्या होत्या.

बाईंच्या छातीत धस्स झालं. पण ते धस्स होणं मुलीसाठी नव्हतं, हे नंतर त्यांनी स्वतःशी कबूल केलं. कार्यालयातून कोणी येणार, अध्यक्षांच्या कानावर जाणार, आणि ते म्हणणार, तुमची ती सापडलेली मुलगी हीच का? मग त्यांनी भराभर कारणं शोधली. पोरगी दमली असेल. घरी काही बिनसलं असेल. एक म्हणजे भरपूर अशी उलटी समजूत झाली असेल. ही शेवटची समजूत त्यांना फारच सोयीची वाटली. आवरून ठेवलेल्या टेबलावर चूक म्हणून दिसणारी ती एकच गोष्ट होती, आणि त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी खणातून व्हाइटनर काढलं, प्रत्येक दोनवर एक ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला आणि चारवर खुणा केल्या. पाचवर नाही. पाच खोटं दिसलं असतं.

फॉर्म गेला. कोणी आलं नाही. छोट्या बाई रोज वेळेवर येत राहिली, वेळेवर जात राहिली, मासे, पानं, छत्र्या मापात कापत राहिली.

चार महिन्यांनी तिने एका पानाचा राजीनामा दिला. कारण : घराजवळ नोकरी मिळाली आहे. बाईंनी खूप समजावलं, पगार वाढवून देण्यासाठी अध्यक्षांशी बोलते म्हणाल्या, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. ती त्यांच्यासमोर खाली मान घालून बसली होती. "पगाराचं काही नाही, बाई," एवढंच म्हणाली. शेवटच्या दिवशी मुलं तिच्या साडीला लोंबकळली, तेव्हा ती एकेकाचे हात सोडवत गेली, आणि मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ बेसिनचा नळ सोडून उभी राहिली.

मग दोन जणी आल्या. पहिली तीन आठवडे टिकली. दुसरी टिकली, पण खुर्चीतून उठायची नाही, आणि मोबाइलवर गाणी लावून मुलांना म्हणायची, नाचा. आया कुजबुजायला लागल्या. अठराची अकरा मुलं झाली. अध्यक्ष आले, या वेळी पाटावर न बसता उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, वर्षअखेरीला बंद करू या. ती आधीची परत येत असेल तर बघा. ती आली तर मी शब्द देतो, चालू ठेवीन."

त्या संध्याकाळी बाईंनी यजमानांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"ती का गेली, विचारलंस तिला?"

"कारण लिहिलं होतं की. घराजवळची नोकरी."

"लिहिलेलं नाही विचारत मी."

मग बाईंनी फॉर्मचं सांगितलं. दोनचं, व्हाइटनरचं, चारचं. त्यांना वाटलं आता हे फुकट चुका काढण्याची थट्टा करतील. यजमानांनी चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. म्हणाले, "चाळीस वर्षं प्रुफं बघितली मी. छपाईची चूक दुरुस्त करायची असते गं. लेखकाचं म्हणणं दुरुस्त करायचं नसतं." त्यात टिंगल नव्हती, आणि म्हणूनच बाईंना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या यजमानांच्याच चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून घेण्याच्या निमित्ताने निघाल्या. छोट्या बाई एका चष्म्याच्या दुकानात लागली होती, एवढं त्यांना माहीत होतं. दोन बस बदलाव्या लागल्या. दुकान लहान, स्वच्छ, तिन्ही भिंतींना आरसे. काउंटरमागे ती निळा कोट घालून बसली होती. बाईंना बघताच उठून उभी राहिली.

"बाई, तुम्ही? या ना, बसा."

बाईंनी चष्मा पुढे केला. तिने छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि काम करू लागली. कोण कोण मुलं आहेत, माशावाल्या मुलीचे दात पडले का, असं एकेक विचारत राहिली. बाई उत्तरं देत राहिल्या. मग न राहवून त्यांनी विचारलं, "इथे मन रमतं का गं?"

ती थोडा विचार करून म्हणाली, "मन रमवायचंच नाही असं ठरवलंय, बाई. काम आहे, करते. सहाला घरी जाते. त्रास नाही काही."

फरशीवर बसून हसणारी ती मुलगी हीच. बाईंनी घाईघाईने सांगून टाकलं, बालवाडी बंद होतेय, अध्यक्षांनी शब्द दिलाय, ती आली तर सगळं तिच्या मनासारखं होईल, त्या स्वतः तर लवकरच घरी बसणार, एका कागदालासुद्धा हात लावायच्या नाहीत.

तिने स्क्रू फिरवायचा थांबवला. "नाही यायची मी, बाई."

"मला तुला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "तो फॉर्म होता ना, कार्यालयाचा. तुझा. त्यात मी..."

"माहीत आहे मला. झेरॉक्स फाइलला होती. कपाटाची किल्ली तुम्हीच दिली होती ना. दुसऱ्याच दिवशी बघितली."

"मग बोलली का नाहीस गं मला? चार महिने?"

"बोलले होते की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रडणाऱ्या मुलाशी बोलताना असायचा तोच हळू आवाज होता. "दोनवर खूण केली होती ना. तुम्ही वाचणार, हे मला ठाऊक होतं. तुमच्यासाठीच केली होती. मासे, वही, त्याचं काही नाही, बाई. तुमचा स्वभाव आहे, मी घरीही सांगायचे, मनाने फार चांगल्या आहेत. मला वाटलं, वाचतील आणि विचारतील, काय झालं म्हणून."

"विचारलं असतं तर राहिली असतीस?"

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. तिने चष्म्याच्या काचा मऊ कापडाने पुसल्या, काड्या मिटल्या आणि चष्मा बाईंच्या हातात दिला.

"राहिले असते," ती म्हणाली.

बाई रस्त्यावर आल्या. बसचा थांबा समोरच होता, पण त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या. एकतीस वर्षांत हजारभर मुलांना त्यांनी विचारलं होतं, काय झालं, का रडतोस, कुठे दुखतंय ते दाखव बघू. गुडघे दुखत असताना खाली बसून विचारलं होतं. उत्तर येईपर्यंत थांबल्या होत्या. या एकीला त्यांनी विचारलं नव्हतं.